इंग्रजी–हंगेरियन एआय अनुवादांची तपासणी : प्रकल्प नोंदी, मार्च २०२५

हंगेरियन शब्द इथे उच्चारावरून देवनागरीत लिहिले आहेत. ओठ गोल करून काढायचे त्यांचे स्वर आपल्या लिपीत बसत नाहीत, तिथे जवळचं अक्षर घेतलं आहे. तपासणी मूळ रोमन मजकुरावरच झाली.

३ मार्च, सोमवार

कामाचा आवाका ठरला. दोन एआय प्रणालींनी इंग्रजीतून हंगेरियनमध्ये केलेले अनुवाद तपासायचे. ६०० सेगमेंट, म्हणजे सुटे अनुवादले जाणारे मजकुराचे तुकडे; मूळ इंग्रजी शब्द ७,८००. त्यात बँकेच्या ॲपमधली बटणं आणि सूचना २००, मदतीची पानं २५०, ग्राहकांना जाणारे ईमेल आणि मेसेज १५०.

तपासनीस दोन, दोघेही फ्रीलान्स, दोघांची मातृभाषा हंगेरियन: 'अ' हंगेरीतल्या सेगेद शहरात, 'ब' तिथल्याच पेच शहरात. दोघांचं जुळलं नाही तर निवाडा 'क'कडे, बुडापेस्टला. शीट, हिशेब आणि पत्रव्यवहार पुण्यातून.

प्रत्येक सेगमेंटचे दोन अनुवाद म्हणजे १,२००. त्यात मुद्दाम बिघडवलेले ६० सापळे मिसळायचे, एकूण १,२६०. ताशी ४० धरले तर प्रत्येकी साधारण ३२ तास. मोबदला तासावर. सेगमेंटमागे दर लावला की तीन शब्दांचं बटण आणि चाळीस शब्दांचा परिच्छेद एकाच भावात जातो, आणि घाई नेमकी लांब सेगमेंटवर होते. चुका तिथेच दडलेल्या असतात.

प्रणालींची नावं तपासनिसांना सांगायची नाहीत. कुठला अनुवाद डावीकडे आणि कुठला उजवीकडे, हे प्रत्येक ओळीत बदलतं ठेवायचं. क्रम कायम राहिला तर शंभरेक ओळींत माणूस 'डावा बरा असतो' असं धरून चालतो आणि पुढे तेच शोधत बसतो.

४ मार्च, मंगळवार

मोजपट्टी एमक्यूएमची घेतली; अनुवादातल्या चुका मोजायची ही रुळलेली पद्धत. चुकीचा प्रकार आणि तीव्रता वेगवेगळी नोंदवायची. प्रकार: अर्थ, भाषेची घडण, परिभाषा, शैली, स्थानिक संकेत (तारीख, अंक, चलन, अवतरणचिन्हं). वजन: नगण्य ०, किरकोळ १, मोठी ५, गंभीर २५.

गुणांक, म्हणजे चुकांच्या वजनांची बेरीज, दर हजार शब्दांमागे काढायचा, पण शब्द मूळ इंग्रजीतले मोजायचे. हंगेरियनमध्ये प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'माझ्या घरात' याला इंग्रजीत तीन शब्द लागतात, हंगेरियनला 'हाझॉम्बॉन' हा एकच पुरतो. भाजक हंगेरियन शब्दांचा घेतला तर तेवढ्याच चुकांना गुणांक फुगतो, आणि पसरट लिहिणाऱ्या प्रणालीला फुकटचा फायदा मिळतो.

चूक नोंदवताना नेमके तेवढेच शब्द रंगवायचे. अख्खं वाक्य रंगवून 'नीट वाटत नाही' असा शेरा चालणार नाही.

५ मार्च, बुधवार

पहिल्याच फाइलमध्ये घोळ. हंगेरियनमध्ये 'ओ' आणि 'उ' यांच्या डोक्यावर कधी दोन टिंबं येतात, कधी दोन तिरप्या रेघा. टिंबवाला स्वर ऱ्हस्व, रेघवाला दीर्घ. आलेल्या फाइलमध्ये रेघवाल्या 'ओ'च्या जागी पोर्तुगीज धाटणीचा लाटवाला 'ओ', आणि रेघवाल्या 'उ'च्या जागी टोपीवाला 'उ'.

कारण जुनंच आहे. २४५ क्रमांकाचा बाइट पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ या अक्षरतक्त्यात लाटवाला 'ओ' असतो, मध्य युरोपच्या लॅटिन-२ मध्ये रेघवाला. २५१ चं तसंच. कुठल्यातरी टप्प्यावर फाइल चुकीच्या तक्त्याने वाचली गेली आणि मग यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे सगळ्या लिपींना चालणाऱ्या आजच्या सांकेतिक पद्धतीत, जतन झाली. हे प्रणालीचं पाप नाही. तपासनिसांनी ते चूक म्हणून धरलं असतं तर जवळपास प्रत्येक ओळीला दंड बसला असता. क्लायंटकडून मूळ निर्यात परत मागवली.

नवी फाइल स्प्रेडशीटमध्ये थेट डबल क्लिकने उघडायची नाही. 'आयात करा' मधून यूटीएफ-८ निवडून, सगळे रकाने 'मजकूर' ठेवून उघडायची. नाहीतर '३-४' सारखा मजकूर आपोआप तारीख होतो आणि मूळ परत मिळत नाही.

आणखी एक बारकावा: काही ओळींत रेघवाला 'ओ' एकसंध अक्षर होता, काहींत साधा 'ओ' आणि वर वेगळी जोडरेघ. दिसायला सारखेच, पण शोध घेतला की निम्मेच सापडतात. सगळी फाइल युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे एकसंध अक्षरांत, आणली.

७ मार्च, शुक्रवार

चाचणी फेरी: दोघांना तेच १०० अनुवाद. प्रश्न एकच ठेवला, या अनुवादात मोठी किंवा गंभीर चूक आहे का?

'अ' ने २० ठिकाणी हो म्हटलं, 'ब' ने ३०. दोघंही हो म्हणाले असे १५, दोघंही नाही म्हणाले असे ६५. म्हणजे एकमत ८० टक्के. आकडा बरा दिसतो, पण त्यात योगायोगाचा वाटा आहे. डोळे मिटून उत्तरं दिली तरी या प्रमाणात ०.२ × ०.३ अधिक ०.८ × ०.७, म्हणजे ६२ टक्के एकमत आपसूक झालं असतं. योगायोग वजा करून एकमत मोजणारा कोहेनचा कप्पा (१ म्हणजे पूर्ण एकमत): (०.८० − ०.६२) ÷ (१ − ०.६२) = ०.४७. यावर मुख्य काम सुरू करता येणार नाही.

१० मार्च, सोमवार

मतभेदाच्या वीस ओळी 'क'सोबत एकेक करून पाहिल्या. तीन गाठी निघाल्या.

पहिली शुद्धलेखनाची. महिन्याच्या १ तारखेला 'एल्शेयेन' म्हणतात. आकड्यात लिहिताना काही जण १ नंतर 'येन' जोडतात, काही जण नुसतं 'एन'. 'ब' नुसत्या 'एन'ला चूक धरत होता. हंगेरियन अकादमीच्या शुद्धलेखन नियमांच्या बाराव्या आवृत्तीने, २०१५ पासून, दोन्ही मान्य केली आहेत. 'ब' शाळेत जुनी आवृत्ती शिकला. नियम लिहिला: बाराव्या आवृत्तीत जे चालतं ते चूक नाही, तपासनिसाच्या कानाला खटकलं तरी.

दुसरी संबोधनाची. हंगेरियनमध्ये सलगीचं 'ते' आणि अदबीचं 'ओन'. 'ओन'सोबत क्रियापद तृतीयपुरुषी. क्लायंटची सूचना अशी की ॲपमध्ये 'ते' आणि ईमेलमध्ये 'ओन'. अडचण अशी की सर्वनाम बहुतेक वेळा वाक्यात नसतंच, ते क्रियापदाच्या शेवटातून कळतं. सुटा सेगमेंट पाहिला तर दोन्ही बरोबर वाटतात. पाच वाक्यं 'ओन'मध्ये आणि सहावं 'ते'मध्ये, ही चूक सहाही एकत्र वाचल्याशिवाय दिसतच नाही. शीट बदललं: ईमेलचे सेगमेंट आता मूळ क्रमाने आणि अख्खा ईमेल शेजारच्या रकान्यात. सरमिसळ झाली तर ईमेलमागे एकच मोठी चूक, प्रत्येक क्रियापदामागे नाही.

तिसरी गाठ तीव्रतेची, आणि निम्मे मतभेद तिचेच. 'अ' शिक्षकासारखा मोजत होता: व्याकरण मोडलं की मोठी चूक. 'ब' ग्राहकासारखा: समजतंय ना, मग किरकोळ. आता दोघांना एकच प्रश्न विचारायचा आहे: हे वाचून माणूस चुकीची कृती करेल का? करेल आणि पैसे, औषध किंवा मुदत यांपैकी काही पणाला असेल तर गंभीर. चुकीचं समजेल, पण लगेच लक्षात येईल, तर मोठी. नुसता अडखळेल तर किरकोळ.

तीच यांत्रिक चूक पुन्हा आली तर दर वेळी नोंदवायची, पण 'पुनरावृत्ती'च्या रकान्यात खूण करायची. शेवटी दोन्ही बेरजा देता येतील. हे आत्ताच ठरवून ठेवलं, कारण निकाल पाहून नियम ठरवला तर कुणीतरी बोट दाखवणारच.

१२ मार्च, बुधवार

नव्या नियमांनी वेगळे १०० अनुवाद. 'अ' २२, 'ब' २५, दोघं मिळून २०. एकमत ९३ टक्के, योगायोगाचे ६४ वजा जाता कप्पा ०.८१. मुख्य काम सुरू.

पहिल्या दिवसाचे शेरे वाचले. अखंड वाक्यांत दोन्ही प्रणाली सफाईदार आहेत. स्वरसंवाद चुकल्याचं एकही उदाहरण नाही: घरात म्हणजे 'हाझबॉन', बागेत म्हणजे 'केर्तबेन', शब्दातल्या स्वरांप्रमाणे 'बॉन' किंवा 'बेन', हे यंत्राला पक्कं येतं. घसरतं ते सांध्यावर. ठरलेल्या वाक्यात जिथे नाव, आकडा किंवा फाइलीचं नाव नंतर भरलं जाणार, तिथे.

हे जरा सविस्तर लिहून ठेवतो, कारण अहवालाचा कणा हाच होणार.

इंग्रजी साचा: 'अमुकसोबत शेअर केलं', अमुकच्या जागी रिकामा कंस. हंगेरियनमध्ये 'सोबत'चा प्रत्यय 'वॉल' किंवा 'वेल'. पण त्यातला 'व' आधीच्या व्यंजनात विरघळतो आणि ते व्यंजन दुप्पट होतं. पेतेर असेल तर 'पेतेर्रेल', तॉमाश असेल तर 'तॉमाश्शॉल'. नावाच्या शेवटी ऱ्हस्व 'ऑ' किंवा 'ए' असेल तर तो दीर्घ होतो: ऑन्नॉ, पण 'ऑन्नावॉल'. म्हणजे कंसापुढे नुसतं 'वॉल' लिहून ठेवलं तर पेतेरचंही बिघडतं आणि ऑन्नॉचंही.

उपपदाचं, म्हणजे इंग्रजी 'द'सारख्या शब्दाचं, तेच. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर 'ऑ', स्वराने होत असेल तर 'ऑझ'. आकड्यालाही लागू, आणि तोही उच्चाराप्रमाणे: २ च्या आधी 'ऑ', कारण 'केत्तो', ५ च्या आधी 'ऑझ', कारण 'ओत'. एसएमएस लिहिताना पहिलं अक्षर व्यंजन, पण म्हणताना 'एश-एम-एश', म्हणून 'ऑझ'. रिकाम्या कंसाच्या आधी काय लिहिणार? हंगेरियन सॉफ्टवेअरमध्ये यावर जुना तोडगा आहे, 'झ' कंसात टाकून 'ऑ(झ)'. कुरूप आहे, पण तिथल्या वाचकाला सवयीचं. आम्ही ते चूक धरत नाही. एका प्रणालीने सरसकट 'ऑ' ठोकलं आहे, ती चूक.

सालांची तर गंमतच. २०२३ मध्ये म्हणायचं तर 'बॉन', कारण शेवटी 'हारोम'. २०२४ मध्ये 'बेन', कारण शेवटी 'नेड्य'. २०२५ ला 'बेन', २०२६ ला पुन्हा 'बॉन'. साच्यात एका वर्षाचा प्रत्यय कोरला असेल तर तो डिसेंबरपर्यंत बरोबर असतो आणि जानेवारीत आपोआप चुकू शकतो.

जाणता अनुवादक इथे प्रत्ययाला मधे आधार देतो. फाइलीच्या नावाला प्रत्यय न लावता 'अमुक नावाच्या फाइलमध्ये' म्हणतो: कंस, मग 'नेवू फायल्बॉन'. प्रत्यय ठरलेल्या शब्दावर बसतो, कंस मोकळा राहतो. नावाला चतुर्थी लावायची असेल तर नावापुढे 'रेसेरे' हा सुटा शब्द.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. 'पुण्यात' ऐवजी 'पुणे येथे', 'सुनीताला' ऐवजी 'सुनीता यांना', ही आपल्या सरकारी आणि बँकेच्या मराठीची युक्ती तीच आहे. सामान्यरूपाची कटकट 'यांना'वर ढकलायची. आणि ती युक्ती न वापरणाऱ्या ॲपमधलं 'गणेश ने तुम्हाला मेसेज पाठवला' आपण रोज वाचतो. पुणे हंगेरियनमध्ये गेलं तरी सुटत नाही: शेवटचा 'ए' दीर्घ होऊन 'पुनेबॉन' होतं.

तपासनिसांना सूचना: साच्यातला सेगमेंट वाचताना कंसात किमान चार किंमती भरून पाहा. व्यंजनान्त नाव, स्वरान्त नाव, २ आणि ५. चारही वेळा वाक्य उभं राहिलं तरच बरोबर.

१३ मार्च, गुरुवार

उद्या इथे धुळवड, परवा १५ मार्च म्हणजे तिकडे १८४८ च्या क्रांतीची राष्ट्रीय सुट्टी. सोमवारपर्यंत काम थांबलेलं राहील.

१७ मार्च, सोमवार

अंक, तारखा, वेळा. एकूण ९४ सेगमेंट, आणि गंभीर चुका इथे वाट पाहत बसलेल्या.

हंगेरियनमध्ये दशांशाला स्वल्पविराम, हजारांना मोकळी जागा, तीही पाच अंकांपासून पुढे. चार अंकी संख्या सलग. इंग्रजी '१,५००' जसंच्या तसं ठेवलं तर हंगेरियन वाचक ते दीड वाचतो. दोन्ही प्रणालींनी एका शुल्काच्या ओळीत हेच केलं आहे. शेजारच्या ओळीत १२,५०० मात्र दोघींनी बरोबर लिहिलं. गंभीर, दोघींनाही.

इंग्रजी बिलियन म्हणजे हंगेरियन 'मिलिआर्द', आपला अब्ज. हंगेरियन 'बिलिओ' म्हणजे दहा हजार अब्ज नव्हे, एक हजार अब्ज. (पहिल्या मसुद्यात आपल्याच शीटमध्ये हे चुकीचं लिहिलं गेलं होतं, दुरुस्त केलं.) एका प्रणालीने एके ठिकाणी 'बिलिओ' लिहून रक्कम हजारपट केली. गंभीर.

तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, वर्षानंतर आणि दिवसानंतर टिंब. पण दिवसाला प्रत्यय लागला की टिंब जातं आणि आडवी रेघ येते. एक प्रणाली टिंबही ठेवते आणि रेघही जोडते. ईमेलच्या साच्यात ही चूक ६४ वेळा. किरकोळ, पुनरावृत्तीची खूण.

वेळ. ब्रिटिश इंग्रजीत अडीचला 'हाफ टू' म्हणतात. एका प्रणालीने शब्दशः 'फेल केत्तो' केलं आणि भेटीची वेळ दीड झाली. हंगेरियनमध्ये अडीच म्हणजे 'फेल हारोम': तिसऱ्या तासाचा अर्धा. सव्वादोन 'नेड्येद हारोम', तिसऱ्याचा पाव. पावणेतीन 'हारोमनेड्येद हारोम', तिसऱ्याचा पाऊण. चमत्कारिक वाटतं खरं, पण आपलं 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरूनच आलं आहे, म्हणजे अर्धा तिसरा. आपण ते अडीचपुरतं ठेवून पुढे 'साडे' लावलं, त्यांनी घड्याळभर चालवलं. दीडला त्यांच्याकडे 'माशफेल', म्हणजे दुसरा अर्धा.

आकड्यानंतर नाम एकवचनीच: तीन सफरचंदं म्हणजे 'हारोम ऑल्मॉ', अनेकवचन 'ऑल्माक' इथे येत नाही. अखंड वाक्यात दोन्ही प्रणाली चुकत नाहीत. पण ॲपमध्ये आकडा एका स्ट्रिंगमध्ये (प्रोग्राममधल्या मजकुराच्या तुकड्यात) आणि 'मेसेजेस' दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये ठेवला आहे. सुट्या 'मेसेजेस'चा अनुवाद 'उझेनेतेक' बरोबरच, पण पडद्यावर '३ उझेनेतेक' जुळून येतं आणि ते चूक. दोष अनुवादाचा की मूळ रचनेचा? नवा रकाना टाकला: 'मूळ रचनेमुळे'. चूक नोंदवायची, दंड वेगळा मोजायचा.

१९ मार्च, बुधवार

क्रियापदाची दोन रूपं. 'लातोक एड्य कुत्यात': मला एक कुत्रा दिसतो. 'लातोम ऑ कुत्यात': मला तो कुत्रा दिसतो. कर्म निश्चित असलं की क्रियापदाचा शेवट बदलतो. (कुत्यॉ आणि कुत्रा यांचं साम्य योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरं.) कर्माकडे पाहून बदलणारं क्रियापद आपल्याला परकं नाही: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. आपलं क्रियापद कर्माचं लिंग-वचन पाहतं, त्यांचं कर्म ओळखीचं आहे की नाही एवढंच.

चूक होते ती कर्म गाळलं जातं तिथे. 'ते करून पाहायचं आहे' यातलं 'ते' हंगेरियन सांगत नाही, 'सेरेत्नेम' या शेवटातूनच ते कळतं. 'सेरेत्नेक' लिहिलं की 'ते' हरवतं. वाक्य तुटत नाही, फक्त कशाबद्दल बोलतोय ते कळेनासं होतं. असे ११ सेगमेंट, सगळे छोट्या बटणांखालच्या मजकुरात. बहुतेक किरकोळ, दोन ठिकाणी संदर्भ पार निसटतो, तिथे मोठी.

बटणांबद्दल एक: हंगेरियन सॉफ्टवेअरमध्ये आज्ञार्थी क्रियापद नाही, क्रियावाचक नाम चालतं. जतन करा यासाठी 'मेन्तेश', हटवा यासाठी 'तोर्लेश'. आज्ञार्थी लिहिलेली ७ बटणं सापडली. शैली, किरकोळ.

२१ मार्च, शुक्रवार

सापळ्यांचा निम्मा निकाल आणि त्यातून एक धडा. सापळे दोन तऱ्हांचे केले होते. ३० रूपाचे: प्रत्यय बदलला, शब्दक्रम मोडला. ३० अर्थाचे: 'नेम' म्हणजे 'नाही' काढलं, आकडा बदलला, प्रत्यय बदलून दिशा उलटी केली, पण हंगेरियन सुरळीत ठेवलं.

रूपाचे आतापर्यंतचे सगळे दोघांनी पकडले, बहुतेक दोन सेकंदांत. ते सापळे फुकट गेले म्हणायचे. मातृभाषिकाला 'हाझबेन' दिसलं की दातात खडा आल्यासारखं होतं, त्यासाठी लक्ष द्यावं लागत नाही. निसटले ते सगळे अर्थाचे, आणि सगळे लांब, गुळगुळीत वाक्यांतले. तपासनीस आधी हंगेरियन वाचतो, ते छान लागतं, मग इंग्रजीवरून नजर फिरवतो आणि वाचलेलंच त्यात पाहतो.

सोमवारपासून शीटमध्ये हंगेरियन रकाना झाकलेला. आधी इंग्रजी वाचायचं, त्यातला आकडा, नकार आणि दिशा (कुणाकडून, कुणाकडे) मनात धरायची, मग रकाना उघडायचा. वेग ताशी ४० वरून ३३-३४ वर येईल. क्लायंटला कळवलं.

वेगाची चौकशीही केली. आठ सेकंदांच्या आत संपलेले सेगमेंट लाल रंगात दिसत होते, त्यातले बरेचसे एका शब्दाची बटणं. मर्यादा सेकंदांची न ठेवता शब्दामागे ठेवली.

२४ मार्च, सोमवार

फसवे सखे. इंग्रजीतलं 'ॲक्च्युअल' म्हणजे प्रत्यक्ष, हंगेरियन 'ऑक्तुआलिश' म्हणजे सध्याचं. 'प्रत्यक्ष शिल्लक'ची 'सध्याची शिल्लक' झाली आहे. बँकेत या दोन वेगळ्या रकमा. मोठी चूक.

सर्वनाम 'ओ' स्त्री-पुरुष दोघांना एकच. इंग्रजीत 'त्याने तिला कळवलं' असेल तर हंगेरियनमध्ये कोण कुणाला, ते नावानेच सांगावं लागतं. उलट दिशेला, हंगेरियनमधून इंग्रजीत, यंत्र स्वयंपाक करणाऱ्याला 'ती' आणि संशोधन करणाऱ्याला 'तो' ठरवतं. २०२१ मध्ये अशी उदाहरणं समाजमाध्यमांवर बरीच फिरली. आपल्या कामात ती दिशा नाही.

जोडशब्दाचा नियम एकदा 'क'ला विचारावा लागला. दोनाहून अधिक घटक आणि सहाहून अधिक अक्षरावयव असले तर मधे रेघ. मोजताना विभक्तिप्रत्यय सोडायचे. फुटबॉल संघ 'लॉब्दॉरूगोचॉपॉत', सहा अवयव, सलग. फुटबॉल स्पर्धा 'लॉब्दॉरूगो-बॉय्नोकशाग', सात, रेघ. चुकलं तर किरकोळ, आणि खरं सांगायचं तर हंगेरियन वर्तमानपत्रांतही चुकतं.

२६ मार्च, बुधवार

क्लायंटचा निरोप: माणसांचे गुण येईपर्यंत ब्ल्यू गुणांक पाठवा. ब्ल्यू ही आयबीएममधल्या संशोधकांची २००२ ची पद्धत; नमुना अनुवादाशी शब्द आणि शब्दांचे गट किती जुळतात ते मोजते. प्रत्यय चिकटणाऱ्या भाषेत मूळ शब्द बरोबर आणि प्रत्यय वेगळा असला तरी अख्खा शब्द चूक धरला जातो. २०१५ ची सीएचआरएफ अक्षरांचे गट मोजते, म्हणून हंगेरियनला जास्त मानवते.

पण तिचीही दुसरी बाजू आहे. 'सामलायारॉ' म्हणजे तुमच्या खात्यात, 'सामलायारोल' म्हणजे तुमच्या खात्यातून. एवढासा फरक, सीएचआरएफच्या लेखी जवळपास पूर्ण गुण. एका प्रणालीने पैसे वळते केल्याच्या दोन मेसेजमध्ये हीच अदलाबदल केली आहे. पैसे गेले ते आल्याचं सांगितलं. दोन्ही गंभीर.

सीएचआरएफचा आकडा पाठवला, सोबत हे दोन मेसेज जोडले.

२८ मार्च, शुक्रवार

निवाडे पूर्ण, नावं उघडली. अहवालात दोघींना 'लाल' आणि 'निळी' म्हटलं आहे.

लाल: किरकोळ २१४, मोठ्या ६१, गंभीर ६. दंड २१४ + ३०५ + १५० = ६६९. दर हजार शब्दांमागे ८५.८.

निळी: किरकोळ ३८८, मोठ्या ४२, गंभीर १. दंड ३८८ + २१० + २५ = ६२३, म्हणजे ७९.९. टिंब-रेघेची ६४ वेळा आलेली चूक एकदाच धरली तर ५६० आणि ७१.८.

चुकांची नुसती मोजणी केली तर निळी वाईट दिसते. तपासनिसांनाही शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. दोघांच्या मोकळ्या शेऱ्यांत लालचं हंगेरियन 'जास्त आपलं' म्हटलं आहे. लालच्या सहा गंभीर चुका: खात्याची दिशा दोनदा, १,५००, बिलिओ, हाफ टू आणि एका अटीतला गळालेला 'नेम'. सहाही वाक्यांचं हंगेरियन निर्दोष. सुट्टा हंगेरियन मजकूर वाचून यातली एकही सापडली नसती.

सापळ्यांचा अंतिम निकाल: रूपाचे ३० पैकी ३० दोघांचेही, अर्थाचे 'अ' २७, 'ब' २४. रकाना झाकल्यानंतर 'ब'चा फक्त एक निसटला.

'मूळ रचनेमुळे'च्या रकान्यात ३१ स्ट्रिंग. त्या कुठल्याही प्रणालीला दिल्या तरी चुकणार, म्हणून वेगळ्या यादीत क्लायंटच्या प्रोग्रामरांकडे. प्रत्येकीसमोर सुचवलेली इंग्रजी दुरुस्ती: आकडा आणि नाम एकाच स्ट्रिंगमध्ये ठेवा, कंसानंतर 'नावाची फाइल' असा आधार द्या, साल प्रत्ययाशिवाय लिहिता येईल अशी वाक्यरचना करा.

३० मार्च, रविवार

आज पाडवा, आणि आजच युरोपात घड्याळं एक तास पुढे. कालपर्यंत बुडापेस्ट आपल्या साडेचार तास मागे होतं, आजपासून साडेतीन. उद्याची मुदत तिथल्या संध्याकाळी ६ ची, म्हणजे इथे रात्री साडेनऊ, साडेदहा नाही. 'क'ची सही दुपारीच घ्यायची.

३१ मार्च, सोमवार

अहवाल, शीट आणि ३१ स्ट्रिंगची यादी इथल्या सात वाजता पाठवली. शीट पाठवण्याआधी यूटीएफ-८ म्हणून जतन करून, बंद करून, पुन्हा उघडून रेघवाले 'ओ' मोजले. आकडा निर्यातीइतकाच.

तास: 'अ' ३७, 'ब' ३४.५, 'क' ९. दोघा तपासनिसांचे अंदाजापेक्षा साडेसात तास जास्त; त्यांतले साधारण सहा रकाना झाकण्याच्या नियमाचे, ते क्लायंटने २१ तारखेच्या पत्रावर मान्य केले होते. उरलेला दीड तास पहिल्या फाइलच्या घोळाचा. बिलात वेगळी ओळ.